थोरलीचा गळा, धाकटीचं गाणं: झाडीपट्टीतल्या दोन बहिणींचं प्रकरण

पार्श्वभूमी

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, ब्रह्मपुरीकडून वडशाला जाताना वैनगंगेच्या अलीकडे धानाची गावं लागतात. त्यातल्या एका गावातलं हे घर. दोन एकर धान, मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचणं, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, आणि धानाचं काम संपलं की घरातलं कुणीतरी तेलंगणात मिरची तोडायला जाणार. या भागात बहुतेक घरांचं वर्ष असंच जातं. ओळख लागू नये म्हणून गाव, नाटक मंडळी आणि नेमकी वर्षं गाळली आहेत. एवढंच सांगतो की हे करोनानंतरच्या हंगामांतलं आहे. घरात दोन मुली. त्यांना इथं थोरली आणि धाकटी म्हणू.

वडील गावच्या भजन मंडळात खंजिरी वाजवतात. तुकडोजी महाराजांमुळे विदर्भातल्या गावागावांत खंजिरी पोचली आणि भजनाला बसणं हा पोरांच्या वाढण्याचा भाग झाला. थोरली सातव्या-आठव्या वर्षापासून भजनात पुढं बसून गायची. पुढं ती माझ्याकडे शिकायला आली. मी तालुक्याच्या गावी शाळेत संगीत शिकवतो आणि पेटी वाजवतो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत ती मध्यमा पूर्णपर्यंत पोचली. तिच्या गळ्याबद्दल मी हातचं राखून बोलणार नाही. तार सप्तकातला पंचम ती इतक्या सहज लावायची की पेटीवरचा माझा हात थांबायचा. इतक्या वर्षांत असा गळा माझ्याकडे दुसरा आला नाही.

धाकटीचा आवाज साधा. किंचित खरखरीत, वर गेला की फाटणारा. भजनात ती मागं बसून ध्रुवपद उचलायची. ती काही शिकायला आली नाही, पण तिच्याजवळ एक वही असायची. त्या वहीत काय आहे हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

प्रकरणाला सुरुवात झाली ती एका व्हिडिओपासून. पुण्यतिथीच्या कार्यक्रमात थोरलीनं म्हटलेलं भजन कुणीतरी मोबाइलवर घेतलं, ते व्हॉट्सॲपवरून फेसबुकवर गेलं आणि आठवडाभरात दीड लाखांवर लोकांनी पाहिलं. नागपूर, अमरावती, पुण्याहून फोन आले. मुलींचे मामा साउंड आणि मंडप डेकोरेशनचा धंदा करतात. त्यांनी जाहीर करून टाकलं की आता मागं वळायचं नाही.

प्रश्न काय होता

घरात साठ हजार रुपये होते. धानाचे काही, आणि आईनं बचत गटातून उचललेले काही. एवढ्या पैशात थोरलीच्या गाण्याचं काहीतरी करायचं, हे ठरलं. काय करायचं, हे ठरत नव्हतं.

मामांचं म्हणणं सरळ होतं. "सर, गळा देवानं देल्ला. बाकी सारं मागून येते." वडिलांनाही तसंच वाटायचं. मामा वसंतराव देशपांड्यांचं उदाहरण द्यायचे: आपल्या मूर्तिजापूरचा माणूस, गळा होता म्हणून झाला. हे उदाहरण नीट पाहण्यासारखं आहे, कारण ते मामांच्या मुद्द्याच्या उलट जातं. वसंतरावांचा जन्म १९२० चा. गळा तर त्यांना पहिल्यापासून होता, तरी कित्येक वर्षं त्यांनी लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी केली. घराघरात त्यांचं नाव झालं ते १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आल्यावर, म्हणजे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी. ते नाटक लिहिलं नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. म्हणजे तसल्या गळ्यालासुद्धा कुणीतरी शब्द, चाल आणि भूमिका द्यावी लागली, तेव्हा तो लोकांपर्यंत पोचला. मी हे मामांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

दीड लाखांचा आकडाही त्यांच्या डोक्यात बसला होता. एवढ्या लोकांनी पाहिलं म्हणजे गळ्याचा निकाल लागलाच, असं. कोलंबिया विद्यापीठातल्या तीन संशोधकांनी यावरच एक प्रयोग केला होता. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी कलाकारांची ४८ गाणी त्यांनी चौदा हजारांवर लोकांना इंटरनेटवर ऐकवली. काही लोकांना फक्त गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं हे त्यांना दिसू दिलं. गाणी तीच, पण एका गटात जे गाणं वर गेलं ते दुसऱ्या गटात मधेच कुठंतरी राहिलं. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट वर आली नाहीत. मधल्या सगळ्यांचं नशीब आधी कोणी काय निवडलं यावर फिरलं. थोरलीचा व्हिडिओ खरोखर चांगला होता, म्हणून तो तळाला जाणार नव्हताच. पण तो दीड लाखांवर गेला यात योगायोगाचा वाटा मोठा होता, आणि योगायोग पुन्हा तसाच घडेल या भरवशावर बचत गटाचं कर्ज खर्च करायचं की नाही, हा खरा प्रश्न होता.

समोर आलेले पर्याय

पहिला, दूरचित्रवाणीवरच्या एका गाण्याच्या स्पर्धेची नागपुरातली निवड चाचणी. दुसरा, जिल्ह्याच्या ठिकाणचा एक स्टुडिओ. तो पंचवीस हजारांत दोन गाणी ध्वनिमुद्रित करून, व्हिडिओ बनवून आपल्या चॅनलवर टाकणार होता. तिसरा, नागपुरात खोली घेऊन बी.ए. संगीत आणि सोबत शिकवण्या. चौथा, वडशाची नाटक मंडळी.

चौथ्याबद्दल बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा झाडीपट्टीचा प्रदेश. दिवाळीनंतर धान घरात आलं की गावोगावी नाटकं सुरू होतात, ती होळीच्या आसपासपर्यंत. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडचं वडसा, हे या धंद्याचं केंद्र. मंडळ्यांची कार्यालयं तिथं, तारखा तिथं ठरतात, हँडबिलं तिथूनच निघतात. गावचं मंडळ मंडळीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटं लावून ती वसूल करतं. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. वादक स्टेजच्या पुढ्यात बसतात. ऑर्गन, तबला, आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही. नटाला गाता यावं लागतं आणि गाणाऱ्याला बोलता यावं लागतं. या रंगभूमीवर विनोदी भूमिकांसाठी ओळखले जाणारे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा राज्याच्या इतर भागांतल्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आमच्याकडे ते घरोघरी ठाऊक होतं.

वडिलांना चौथा पर्याय नको होता. पोरगी नाटकात गेली म्हणजे लोक काय म्हणतील, हे त्यांनी बोलून दाखवलं. आईला तिसरा पटत होता, पण त्याला दोन-तीन वर्षं पैसा लागणार होता. त्यामुळे पहिल्या दोन पर्यायांवर आधी खर्च झाला.

पहिला निर्णय: नागपूरची चाचणी

सकाळी सहापासून रांग. छातीला नंबर लावलेला. आत गेल्यावर मिनिटभर गायचं, साथ नाही. थोरलीनं जुनं चित्रपटगीत म्हटलं आणि सुरेख म्हटलं. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "स्वतःचं काही आहे?" थोरली म्हणाली, नाही. मग त्यांनी विचारलं, "तुझ्याबद्दल काही सांग." थोरलीनं नाव, गाव आणि परीक्षांची नावं सांगितली. पुढच्या फेरीची चिठ्ठी मिळाली नाही. पोशाख, प्रवास, दोन दिवसांचा मुक्काम आणि मामांच्या ओळखीचा एक 'मार्गदर्शक' धरून बारा हजार गेले.

घरी याचा अर्थ लावला गेला की वशिला नव्हता. मला तसं वाटत नाही. त्या रांगेत उभी असलेली बहुतेक मुलं-मुली आपापल्या गावात सर्वांत चांगली गाणारीच होती. गावात गळ्यामुळे थोरली उठून दिसायची. तिथं गळा सगळ्यांकडेच होता, त्यामुळे निवड दुसऱ्याच गोष्टींवर होणार होती: कोणाचा आवाज डोळे मिटून ओळखू येतो, कोणाकडे सांगण्यासारखं काही आहे, कोण कॅमेऱ्यासमोर मोकळं होतं. या गोष्टींची तयारी तिच्याकडून कुणी करून घेतली नव्हती. तिच्या बारा वर्षांच्या रियाजाचा तिथं उपयोग झाला नाही असं मी म्हणणार नाही. रियाजानं तिला त्या टेबलापर्यंत नेलं. पुढचं काम रियाजाचं नव्हतं.

दुसरा निर्णय: स्टुडिओ आणि कागद

स्टुडिओत दोन जुन्या गाण्यांची नवी रूपं ध्वनिमुद्रित झाली. मी सोबत होतो. तिथला मुलगा कामात हुशार. थोरलीनं गंधारावरून पंचमापर्यंत एक लांब मींड घेतली होती, म्हणजे सूर न तोडता घसरत वर नेला होता. पडद्यावर तिची चढती वाकडी रेघ उमटली. मुलानं माऊसनं ती रेघ धरली आणि तिच्या पायऱ्या केल्या. ऐकवलं तर प्रत्येक सूर अचूक आणि मींड गायब. थोरली काही बोलली नाही. काचेच्या अलीकडून ती त्या रेघेकडे पाहत राहिली.

अँडी हिल्डब्रँड या अमेरिकी माणसानं १९९७ मध्ये ऑटोट्यून, म्हणजे गाण्यातला चुकलेला सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, बाजारात आणलं. त्याआधी तो तेल शोधण्यासाठी जमिनीतल्या लहरींचं विश्लेषण करायचा. तेव्हापासून ध्वनिमुद्रणात सुरात असणं ही गोष्ट विकत मिळते. थोरलीचं सर्वांत मोठं भांडवल जिथं सर्वांत कमी किमतीचं होतं, नेमकं तिथंच घरच्यांनी पंचवीस हजार घातले.

व्हिडिओ आले, चारेक हजार लोकांनी पाहिले. गाणी जुन्या चित्रपटांची असल्यामुळे यूट्यूबच्या यंत्रणेनं ती ओळखली आणि जाहिरातीचा जो काही पैसा होता तो मूळ हक्कदार कंपनीच्या नावावर लागला. स्टुडिओवाल्याला हे आधीपासून ठाऊक होतं. म्हणून त्यानं विचारलं, "नवं काही असेल तर द्या ना. आपलं, इकडलं."

धाकटी सोबत आली होती. तिनं पिशवीतून वही काढली.

गाणं मिरची तोडणीचं होतं. आई एका हंगामात खम्ममकडे गेली होती, तेव्हाचं. तेलंगणातलं शेत, ठेकेदाराची गाडी, घरी ठेवलेलं लेकरू. दर कडव्याच्या शेवटी एक ओळ: "आसू पुसावा कसा वं माय, हाताले तिखट." चाल रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या गाण्याची, बायका चिखलात वाकून म्हणतात ती. धाकटीनं ते बसल्या बसल्या म्हणून दाखवलं. वरच्या सुरावर आवाज चिरकला. स्टुडिओतला मुलगा खुर्ची फिरवून तिच्याकडे बघायला लागला.

लगेच कागद आला. स्टॅम्पपेपरवर, सगळे हक्क, कायमचे, जगभर, एकरकमी पाच हजार. मामा सही करायला तयार होते, कारण त्यांच्या हिशेबात गाणं म्हणजे थोरलीचा आवाज, आणि शब्द ही त्या आवाजाला लागणारी किरकोळ वस्तू. मी कागद घरी न्यायला सांगितला. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा सही करूनही सोडून देता येत नाही. तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हक्क लिहून देताना कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती, हे कागदात यायला हवं. मुदत लिहिलीच नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. इथं तर 'कायमचे, जगभर' असं स्पष्ट लिहिलं होतं, म्हणजे कायद्याची ती सवलतही मिळणार नव्हती. शिवाय चाल परंपरेची. ती धाकटीची नव्हे आणि स्टुडिओचीही नव्हे.

दोन दिवस घरात वाद झाला. पाच हजार रोख समोर होते आणि कर्जाचा हप्ता जवळ आला होता. शेवटी आईनं नाही म्हटलं. तिचं कारण कायद्याचं नव्हतं. "माह्या दुखण्याचं गाणं हाय ते, कोनाले इकाचं नाही," एवढंच ती म्हणाली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा फरक पाडणारा निर्णय हाच ठरला असं मला वाटतं, आणि तो घेतला घरातल्या न गाणाऱ्या माणसानं.

तिसरा निर्णय: वडसा

पैसे संपत आले तेव्हा वडील नाटकाला तयार झाले. अट एकच, थोरली एकटी जाणार नाही. धाकटी सोबत म्हणून गेली.

मंडळीच्या मालकांनी थोरलीचं गाणं ऐकलं आणि तिला तिथंच घेतलं. मानधन प्रयोगाला बाराशे. मग सोबतच्या पोरीकडे वळून विचारलं, "तुले बोलता येते का वं?" धाकटीनं लहानपणापासून पाहिलेल्या एका नाटकातल्या भांडकुदळ सासूचा प्रवेश करून दाखवला. तिला आठशेवर छोटी भूमिका मिळाली.

पहिल्या महिन्यात काय झालं ते मी तीन-चार गावांत जाऊन पाहिलं. थोरली नायिकेच्या भूमिकेत. रात्री साडेअकराला तिचं पहिलं पद यायचं. लोक शांत बसायचे, मनापासून टाळ्या वाजवायचे. पण पदानंतरचा संवाद ती शाळेतल्या कवितेसारखा म्हणायची. धाकटी दुसऱ्या अंकात यायची आणि मंडप हलायचा. पहाटे तीनच्या सुमाराला, लोक शाली पांघरून पेंगायला लागले की मालकांनी मिरचीचं गाणं घालायला सुरुवात केली. आधी ती हसवायची. ठेकेदाराची नक्कल, गाडीतली गर्दी, सासूची फोनवरची बोलणी. आणि मग ती ओळ. समोर बसलेल्या बायकांत किती जणी खम्मम-वारंगलला जाऊन आलेल्या असतील हे त्यांच्या बसण्यावरून कळायचं. पुढच्या ओळीला त्या धाकटीसोबत म्हणायला लागायच्या. आवाज चिरकायचा तिथं त्यांचाही चिरकायचा. तो चिरका सूर त्या गाण्यात बसत होता, कारण रोवणी करणारी बाई तसंच गाते.

डिसेंबर संपेपर्यंत तारीख ठरवायला येणारी मंडळं मालकांना विचारू लागली, "मिरचीवाली पोट्टी हाय ना?" हँडबिलावर धाकटीचं नाव वर गेलं.

थोरली पंधरा-वीस दिवस बहिणीशी कामापुरतंच बोलत होती. तिनं मला फोन केला. "सर, मी बारा वर्षं बसलो रियाजाले. तिनं एक दिवस नाही." याला झटपट उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. तिचं दुःख खरं होतं. तिला लहानपणापासून एकच हिशेब शिकवला गेला होता, की गळा चांगला तर सगळं चांगलं. तो शिकवणाऱ्यांत आम्ही सगळे होतो, सारं गाव होतं.

जानेवारीतलं वळण

मकरसंक्रांतीच्या सुमाराला धाकटीचा आवाज बसला. आधी सकाळी बसायचा, मग दिवसभर, मग फक्त हवा येऊ लागली. नागपुरातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्वरतंतूंना सूज असल्याचं सांगितलं. तीन आठवडे गाणं बंद, कुजबुजणंसुद्धा बंद.

कारणं साधीच होती. स्टेजवर गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, म्हणजे मॉनिटर, नव्हता. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत जोर लावतो. ध्वनिशास्त्रात याला लोम्बार्ड परिणाम म्हणतात, मंडपात याला ओरडणं म्हणतात. दुसरं, कीबोर्डवाला सगळी गाणी नायकाच्या सोयीनं काळी एकमध्ये, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून, धरायचा. त्या पट्टीत धाकटीला ध्रुवपद तिच्या आवाजाच्या पार टोकाला म्हणावं लागायचं. तिसरं, रात्रभर जागरण, थंडी, धूळ आणि चहा.

थोरली त्याच मंडपात, त्याच थंडीत, धाकटीपेक्षा जास्त गाणी गात होती आणि तिच्या आवाजाला काही झालं नाही. श्वास कुठून घ्यायचा, वर जाताना गळा कसा मोकळा ठेवायचा, स्वतःचा सूर ऐकू येत नसेल तर अंगातून कसा ओळखायचा, हे तिला माहीत होतं. तिच्या बारा वर्षांचा उपयोग इथं दिसला. लोकांनी तिच्या गळ्याचं कौतुक गोडव्यासाठी केलं होतं. हंगामात कामाला आलं ते त्याचं टिकणं.

तारखा तर लागलेल्या होत्या. मालकांनी मिरचीचं गाणं थोरलीला म्हणायला लावलं. पहिल्या गावात तिनं ते फार देखणं म्हटलं, तानेसकट. लोकांनी ऐकलं, पण बायकांनी ओळ उचलली नाही. मालक आत येऊन म्हणाले, "बाई, तान नोको. सांग नुसतं." दुसऱ्या गावात मंडळानं तक्रार केली की हँडबिलावरची पोरगी आली नाही. मग दुपारी धाकटी वहीवर लिहून लिहून थोरलीला शिकवू लागली: कुठं थांबायचं, कुठं 'पाणी' न म्हणता 'पानी' म्हणायचं, ठेकेदाराचं नाव घेताना पदर कसा खोचायचा. बोलणं बंद, म्हणून सगळं लिहून आणि हातवाऱ्यांनी. आठवडाभरात थोरलीची तान गेली. महिनाअखेरीस एका गावात बायकांनी ओळ उचलली.

निष्पत्ती

धाकटी फेब्रुवारीत परतली. पट्टी बदलून घेतली. तिचं गाणं आता पांढरी पाचमध्ये होतं आणि थोरलीनं तिच्याकडून रोज अर्धा तास खर्जाचे स्वर म्हणून घ्यायला सुरुवात केली. मामांनी आपल्याच साउंडमधला एक स्पीकर मॉनिटर म्हणून मंडळीला दिला. पुढच्या हंगामात धाकटीचं मानधन अडीच हजार झालं, थोरलीचं दोन हजार. बचत गटाचं कर्ज फिटलं.

गाणं बहिणींनी स्वतःच्या चॅनलवर टाकलं, वर्णनात शब्द कुणाचे आणि चाल पारंपरिक हे लिहून. चॅनलला जाहिरातीचा पैसा सुरू व्हायला हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं लागतं. ते व्हायला वर्षाच्या वर गेलं. महिन्याला मोबाइलचा रिचार्ज निघेल एवढं मिळतं. चार जिल्ह्यांबाहेर त्यांचं नाव नाही.

दुसऱ्या हंगामात आणखी एका मंडळीनं ते गाणं न विचारता आपल्या नाटकात घातलं. मामा भांडायला निघाले होते. दोन्ही मालकांचं बोलणं झालं आणि ठरलं की गाण्याआधी धाकटीचं नाव माइकवरून घ्यायचं. पैसे मागायचे की नाव, यावर घरात एकमत झालं नाही. धाकटीनं नाव निवडलं. मला तो निर्णय अर्धाच बरोबर वाटतो. नाव तर हवंच होतं, पण प्रयोगामागे ठरावीक रक्कम लिहून घ्यायला हवी होती, थोडी का असेना, कारण तिसरी मंडळी येईल तेव्हा दाखवायला कागद लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्रम. साठ हजारांतले सदतीस हजार दोन अशा ठिकाणी गेले, जिथं चांगला गळा ही सामान्य गोष्ट होती किंवा विकत मिळणारी. वडशाला एक रुपयाही लागला नाही. प्रतिष्ठेचा अडसर नसता तर तीच वाट आधी घेता आली असती, आणि चाचणीला जायचंच असतं तर एका हंगामानंतर, लोकांसमोर उभं राहायची सवय झाल्यावर जाता आलं असतं. वडिलांच्या भीतीला मी हलकं मानत नाही. पण ती भीती धाकटीला सोबत पाठवून दूर झाली, आणि हा तोडगा पहिल्या दिवशीही सुचण्यासारखा होता.

दुसरं, 'ती काय गाणार' हा प्रश्न. दीड लाखांच्या व्हिडिओनंतर जेवढ्या बैठका झाल्या, त्यात कुठं गाणार, कोण ऐकणार, किती खर्च, हे सगळं निघालं. काय गाणार, हे नागपुरातल्या त्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं. घरातच लिहिणारी मुलगी असताना तिची वही उघडायला स्टुडिओवाल्याच्या धंद्याची गरज लागली. लोकप्रिय गाण्यात गळा किती महत्त्वाचा, असं मला कुणी विचारलं तर या प्रकरणावरून माझं मत असं आहे: चांगला गळा दार उघडतो आणि शिकलेला गळा वर्षानुवर्षं पोट भरतो. पण लोक परत बोलावतात ते त्यांच्या बोलीतल्या, त्यांच्या जगण्यातल्या, दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या गाण्यासाठी. थोरलीकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या आणि धाकटीकडे तिसरी. घरानं दोन वर्षं एकीलाच गायिका मानलं.

तिसरं, धाकटीचा घसा. आवाज बसायला लागल्यापासून डॉक्टरकडे जाईपर्यंत तीन आठवडे गेले, कारण तारखा होत्या आणि आलं-मध-हळद चालू होती. पंधरा दिवसांवर आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवणं हे मंडळीतल्या प्रत्येक नट-नटीनं पाळावं, असं मी आता प्रत्येक मालकाला सांगतो. मॉनिटर आणि गाणाऱ्याच्या सोयीची पट्टी या दोन गोष्टींना पैसा जवळपास लागतच नाही. त्या हंगामाच्या पहिल्या तालमीत ठरवता येतात.

आणि थोरलीचं काय करायचं, हे अजून सुटलेलं नाही. ती विशारदचा अभ्यास करते आहे, उन्हाळ्यात वडशातल्या मंडळ्यांमधल्या मुलींना गळा सांभाळायला शिकवते, त्याचे पैसे घेते. मालकांनी येत्या हंगामासाठी दोघींना घेऊन नवं नाटक करायचं म्हटलं आहे. त्यात थोरलीसाठी पद कुणी लिहायचं यावर बोलणी अडली होती. मालकांना नेहमीचे गीतकार हवे होते, थोरलीला धाकटीनंच लिहिलेलं हवं होतं. मागच्या आठवड्यात मालकांनी होकार दिला. धाकटीनं पहिलं कडवं लिहून पाठवलं आणि विचारलं, सर, यात मींड कुठं बसंल?